रविवारचा खोकला

डॉक्टरांनी कानांतल्या नळ्या काढून गळ्यात अडकवल्या आणि म्हणाले, "टीबी नाय." हे दोन शब्द ऐकताच मी मागच्या स्टुलावर मटकन बसलो. त्या स्टुलावर आमची मंदा आधीच बसलेली होती. "बाबा, मी आहे इथे," असं ती खालून म्हणाली, तेव्हा मी उठलो. माझी बायको सुमन हसू लागली आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला. दोन वर्षांत ती दवाखान्यात पहिल्यांदा हसली होती.

ही सिल्वासातली, साठच्या दशकातली गोष्ट. पोर्तुगीज जाऊन आणि हा मुलूख रीतसर भारतात सामील होऊन थोडीच वर्षं झाली होती. नवी कचेरी, नव्या शाळा, नवा दवाखाना, आणि ते सगळं चालवायला मुंबईहून आणि कोकणातून आलेली आमच्यासारखी माणसं. मी कचेरीत जुन्या दप्तराचा कारकून. सुमन मराठी शाळेत मास्तरीण. मंदा साडेचार वर्षांची आणि तिचा खोकला दोन वर्षांचा.

आज मंदाच दोन मुलांची आई आहे. तिच्या धाकट्याच्या दप्तरात डब्याशेजारी दम्याचा पंप असतो, आणि तो पंप बघून तिच्या शेजारणी चेहरे पाडतात. त्या शेजारणींसाठी आणि रात्रभर मुलाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणाऱ्या त्यांच्या नवऱ्यांसाठी मी हे लिहितो आहे. मी फार शहाणा नव्हतो, हे पुढे कळेलच.

डॉक्टर देसाई वलसाडकडचे. त्यांचं मराठी अर्धं गुजराती होतं आणि उरलेल्या अर्ध्यात धीर होता. वलसाडहून काढून आणलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक्स-रेची काच त्यांनी खिडकीकडे धरून दोनदा बघितली. मंदाच्या दंडावर दिलेल्या टोचणीची जागा बोटाने चाचपली. ती मँटू टेस्ट, म्हणजे टीबीचा संशय पडताळायची चाचणी. टोचलेली जागा सुजली नव्हती. मग त्यांनी कागदावर लिहिलं, 'ॲस्थमॅटिक ब्रॉन्कायटिस'.

"जुओ भाऊसाहेब," ते म्हणाले, "बेबीच्या श्वासाच्या नळ्या फार नाजूक हाय. जरा कशाने डिवचल्या की सुजते, आकसते. मग श्वास आत जाते, पण बाहेर येताना शिटी वाजते. त्याला आमी व्हीझिंग बोलतो."

मंदा त्याला पेटी म्हणायची. छातीत पेटी वाजते, असं ती पाहुण्यांना अभिमानाने सांगायची आणि ऐकायला बोलवायची. पाहुणे ऐकत, आणि माझ्याकडे बघून असा चेहरा करत की मला रात्री झोप लागत नसे.

"कशाने डिवचतात?" सुमनने विचारलं.

"ते मला काय ठाऊक? तुमी शोधायचा. ॲलर्जी बोलतात त्याला. एका पोराला जे चालते, ते दुसऱ्याला चालत नाय. लिहून ठेवा. काय खाल्ला, कुठे खेळली, केव्हा खोकली. दोन महिना लिहा, मग बोलू."

ॲलर्जी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शरीराचं एखाद्या गोष्टीशी जमत नाही, ती दिसली की ते भांडण काढतं, असा अर्थ मी लावला आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. दवाखान्यातून निघताना मंदाने डॉक्टरांना विचारलं, "केळं यादीत आहे का?" डॉक्टरांना काही कळेना. कळणार कसं, ती यादी आमच्या घरच्या भिंतीवर होती.

यादी मी केली होती. कारकून माणूस घाबरला की कागद काढतो. मंदाला काय काय वर्ज्य आहे ते मी पहिल्या वर्षीच मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दाराशी चिकटवलं होतं. केळं, पेरू, दही, ताक, चिंच, काकडी, थंड पाणी, अनवाणी चालणं, पळणं, नदीवर जाणं, वारा. कोणी काही सुचवलं की मी शेवटी एक ओळ वाढवायचो आणि खाली सही ठोकायचो. मंदाला वाचता येत नव्हतं, पण कोणतीही नवी गोष्ट दिसली की ती आधी विचारायची, "हे यादीत आहे?" एकदा कोजागिरीला तिने चंद्राकडे बोट करून तेच विचारलं. सगळे हसले. मीही हसलो, पण तिने खरंच उत्तराची वाट बघितली होती.

एवढी यादी असून खोकला जागचा हलला नव्हता. दर पंधरवड्याला, कधी दर आठवड्याला पोर आजारी. पाठीला शेक, छातीला तेल, ओवा आणि लसणीच्या सालींची धुरी, काढे, पेनिसिलिनची इंजेक्शनं. फार वाढलं की दवाखान्यात ॲड्रिनलिनची सुई. तिने दहा मिनिटांत श्वास मोकळा व्हायचा आणि पोर पांढरी पडून थरथरायची. ते थरथरणं मला बघवत नसे, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीवरची देवीच्या लसीची पाटी वाचायचो. ती मला आजही पाठ आहे.

टीबी नाही, ही आनंदाची बातमी मी गुहागरजवळच्या आमच्या गावी आईला कळवली. आईला या बातमीचा आनंद झालाच, पण पत्रातला दमा हा शब्द तिने बरोबर टिपला. उलट टपाली पत्र आलं. 'तिथली हवा पोरीला मानवत नाही हे मी पहिल्यापासून सांगत्ये. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. दिवाळी झाली की मी येत्ये आणि मंदाला घेऊन जात्ये. चार वर्षं माझ्याजवळ राहील, समुद्राच्या हवेवर धडधाकट होईल. यात आता बदल नको.'

सुमनने पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून माझ्यासमोर ठेवलं. "मंदा गेली तर मी राजीनामा देऊन तिच्याबरोबर जाणार," ती म्हणाली. "तुम्ही राहा इथे, तुमच्या कागदांजवळ." ती रागाने बोलली नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. दिवाळीला पाच महिने होते. तेवढ्यात खोकल्याचं कारण सापडलं नाही, तर माझं घर दोन ठिकाणी राहणार होतं.

सुमनने शाळेतली एक कोरी वही घेतली आणि मुलांच्या हजेरीपटासारखे रकाने पाडले. जेवण, आंघोळ, खेळ, झोप, आणि शेवटी खोकला. खोकला आला तर 'ह', नाही आला तर 'गै'. हजर, गैरहजर. रोज संध्याकाळी दिवेलागणीला ती मंदाला समोर बसवून विचारायची, "आज खोकला शाळेत आला होता का?" आणि मंदा इमानदारीने सांगायची, "आला होता, पण लवकर घरी गेला." या खेळात पोरीची भीती निम्मी कमी झाली, हे आमच्या नंतर लक्षात आलं. तोवर तिला खोकला म्हणजे आईबाबांचे चेहरे बदलतात एवढंच ठाऊक होतं.

पाच आठवड्यांत पट बोलायला लागला. खोकला रविवारी दुपारी यायचा, सोमवारी त्याची पूर्ण हजेरी, बुधवारपर्यंत तो ओसरायचा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मंदा टुणटुणीत.

रविवारी काय वेगळं होतं? रविवारी न्हाणं होतं. आमच्याकडे मुलींना रविवारी डोक्यावरून न्हाऊ घालायची पद्धत. झालं, मी यादीत 'न्हाणं' लिहिलं. तीन रविवार पोरीच्या डोक्याला पाणी लागलं नाही, केसांचं शिंपटं झालं, आणि खोकला वेळेवर हजर. मग रविवारी घरात तांदळाची सांदण व्हायची, ती बंद. रविवारी शेजारच्या मुलांबरोबर आंब्याच्या झाडाखाली भातुकली चाले, ती बंद. पोर हिरमुसली आणि खोकला तसाच राहिला.

मग पटात दोन 'गै' उमटले, लागोपाठच्या दोन रविवारी. त्यातल्या एका रविवारी तर मंदा लाडकीबाईबरोबर तिच्या पाड्यावर गेली होती. लाडकीबाई अथालकडची वारली बाई, आमच्याकडे कामाला यायची. शाळेच्या तपासणीसाठी सुमनला रविवारीही जावं लागलं, म्हणून मंदाला तिच्याकडे सोपवलं. गवत, कोंबड्या, शेण, चिखल, अनवाणी पाय, माझी निम्मी यादी तिथे एका दिवसात मोडली. संध्याकाळी लाडकीबाई पोरीला सोडायला आली आणि म्हणाली, "पोशी आखा दीस खेळली, एकदा पन खोकली नाय." पोशी म्हणजे पोर. मंदाच्या कोपरापर्यंत चिखल होता आणि ती इतकी खूश होती की सुमनला रागवायचं सुचलं नाही.

त्या दोन्ही रविवारी मी घरी नव्हतो. जमिनीच्या मोजणीसाठी साहेबांबरोबर खानवेलला फिरतीवर होतो.

सुमनने पट माझ्यापुढे ठेवला. "बघा," ती म्हणाली, "तुम्ही घरी असलात की खोकला येतो. नसलात की येत नाही."

मुलीला बापाची ॲलर्जी असू शकते का, हे विचारायला मी सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. एकटाच गेलो, रांगेत बसलो, आणि माझा नंबर आला तेव्हा हळू आवाजात विचारलं. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी विचारलं, विडी ओढता? नाही. तपकीर? नाही. डोक्याला कसलं तेल? मी सांगितलं. "वासाचा तेल बंद करा, बघू," ते म्हणाले.

मी तेल बंद केलं. साबण बदलला. कचेरीतून आलो की ओसरीवरच सदरा काढून आत जायचा नियम केला, आणि शेजारच्या गोडबोलेवहिनींनी आपल्या ओसरीवर बसायची वेळ बदलली. मंदाला मी लांबूनच हाका मारू लागलो. ती धावत गळ्यात पडायला आली की मी मागे सरायचो. तिला वाटलं हा नवीन खेळ आहे, आणि ती हसत आणखी जोरात धावायची. त्या आठवड्यात मी जितका दुःखी होतो तितका टीबीच्या संशयातही नव्हतो. रविवारी मी शेवटी नेहमीसारखा तिला घेऊन बसलो आणि दुपारी खोकला आला.

मग एके रविवारी सकाळी डॉक्टर देसाई आमच्याकडे पोहे खायला आले. सुमनने मुद्दाम बोलावलं होतं. "यांना घरात बघा," असं ती त्यांना म्हणाली होती, जणू माझंच दुखणं काढायचं होतं.

ते आले तेव्हा आमची कचेरी चालू होती. ती कोणती, ते आता सांगायला हवं. पोर्तुगीज अमलातले जमिनीचे कागद कापडात बांधून ठेवलेले असत, त्या गठ्ठ्यांना आम्ही रुमाल म्हणायचो. त्यांतला मजकूर वाचून मराठीत गोषवारा काढायचं काम माझ्याकडे होतं. पोर्तुगीज मी एका म्हाताऱ्या सहकाऱ्याकडून जिद्दीने शिकलो होतो आणि त्याचा मला भलता गर्व होता. कचेरीत दिवस पुरत नसे, म्हणून साहेबांच्या परवानगीने मी शनिवारी दुपारी तीन-चार रुमाल घरी आणायचो आणि रविवारभर ते वाचायचो. मंदा माझी शिपाई. मी पाटावर बसून हाक मारायची, "शिपाई, पुढचा रुमाल." ती दोन्ही हातांनी रुमाल उचलून आणायची, गाठ सोडायची, आणि प्रत्येक कागद देण्याआधी मांडीवर आपटून झटकायची. झटकायला मीच शिकवलं होतं. कचेरीत आम्ही सगळे तसंच करायचो. झटकून झालं की ती सलाम ठोकायची. सगळ्या आठवड्यात तिला या खेळाइतकं काही आवडत नव्हतं, आणि मलाही.

डॉक्टर दारात उभे राहिले. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येत होतं. मंदाने एक जाड कागद मांडीवर आपटला, आणि त्या उन्हात जी धूळ उठली ती मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दिसली, कारण दुसरा कोणीतरी तिच्याकडे बघत होता. मंदा त्या धुळीच्या मधोमध उभी राहून सलाम करत होती.

डॉक्टर शिंकले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग नाकाला हातरुमाल लावून म्हणाले, "भाऊसाहेब, हे काय हाय?"

"दप्तर," मी म्हणालो.

"किती वर्षांचा?"

"असतील साठ-सत्तर वर्षांचे कागद."

"म्हणजे साठ वर्षांची धूळ. आणि बुरशी. दर रविवारी बेबीला चारता." त्यांनी सुमनकडे वळून हात जोडले. "बेन, तुमचा मिस्टर निर्दोष हाय. त्याची फाइल गुन्हेगार हाय."

सुमन हसली, मग रडली, मग पोहे आणायला आत गेली. मी पाटावर तसाच बसून राहिलो. दोन वर्षं मी पेरू आणि केळ्यांवर पाळत ठेवली होती. पोर कशाने आजारी पडते हे शोधताना तिला त्रास देणाऱ्या, रडवणाऱ्या, न आवडणाऱ्या सगळ्या गोष्टी तपासल्या. जिच्यात ती सगळ्यांत जास्त हसायची, ती गोष्ट आम्हाला कोणालाच संशयास्पद वाटली नाही. सुमनच्या पटात खेळाच्या रकान्यात दर रविवारी लिहिलेलं होतं, 'बाबांबरोबर, आनंदात.' तुम्ही शोधायला लागाल तेव्हा एवढं माझं ऐका. आवडीच्या गोष्टींचाही रकाना नीट वाचा.

डॉक्टरांनी जाण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या दाराशेजारची यादी वाचली, सावकाश, चष्मा लावून. मग ती काढून माझ्या हातात दिली. "हे सगळं खाऊ द्या, पळू द्या, न्हाऊ द्या. कागद घरातून बाहेर. धुरी पण बंद, धुराने नळ्या आणखी रुसते. गादीला ऊन द्या, जमीन ओल्या फडक्याने पुसा. तीन रविवार बघू."

आता कबुली. मी सोमवारी दोन रुमाल कचेरीत परत नेले आणि दोन ठेवले. ते अर्धवट वाचून झाले होते, त्यातला एक फार गुंतागुंतीचा होता, आणि माझ्याशिवाय तो कोणाला लागणार नाही अशी माझी समजूत होती. एका जुन्या चादरीत गुंडाळून मी ते खाटेखाली सरकवले. मंदाच्या खाटेखाली. बंद गठ्ठ्याने काय होणार, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी दुपारी पोर खोकली. सुमन पट घेऊन बसली आणि 'ह' लिहिताना तिचा हात थांबला. "म्हणजे तेही नाही," ती म्हणाली. "जाऊ दे. सासूबाईंना लिहा, या म्हणावं." दिवाळी दीड महिन्यावर आली होती.

मी खाली वाकलो, खाटेखालून चादर ओढली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने चादरीचं टोक उचलून आत बघितलं आणि दाराकडे बोट केलं. दोन्ही रुमाल डोक्यावर घेऊन मी भर दुपारी कचेरीकडे निघालो. रविवार, कचेरीला कुलूप. चौकीदार सावलीत बसला होता. डोक्यावर गठ्ठे घेऊन घामाघूम आलेला कारकून त्याने याआधी पाहिला नव्हता. "साहेब, आज रजा आहे," तो म्हणाला. "माहीत आहे," मी म्हणालो, "पण यांना घरी ठेवता येत नाही." त्याने दोन्ही रुमाल ताब्यात घेतले आणि मला माठातलं पाणी दिलं. परत येताना मी इतका हलका झालो होतो की वाटेत पेरू विकत घेतले.

त्याच दिवशी आम्ही सगळं घर बाहेर काढलं. गाद्या उन्हात, खाटा उन्हात, कोपरे न् कोपरे ओल्या फडक्याने पुसले. लाडकीबाईने पोरीच्या हातातून केरसुणी काढून घेतली आणि तिला अंगणात बसवून पेरू दिला. मंदाने सवयीने विचारलं, "यादीत?" सुमन म्हणाली, "यादी नाही आता." पोरीने पेरूचा एवढा मोठा घास घेतला की गाल फुगले.

पुढच्या रविवारी खोकला आला, पण थोडाच, संध्याकाळी. त्याच्या पुढच्या रविवारी आलाच नाही. आम्ही तिच्याकडे बघत बसलो होतो, दोघं, दुपारभर, सोंगट्यांचा पट पुढ्यात मांडून आणि एकही दान न टाकता. चार वाजता मंदा म्हणाली, "तुम्ही असे का बघता?" सुमनने हजेरीपटात 'गै' लिहिलं आणि त्याखाली शाईची रेघ ओढली.

एकच अडचण राहिली. शिपायाची नोकरी गेली होती आणि शिपाई रुसला होता. रुमाल मागायला ती माझ्या पाटासमोर उभी राहायची. मी रविवारी काम करणं सोडलं. राहिलेलं काम आठवड्यात अर्धा तास लवकर जाऊन संपवू लागलो. आणि रविवारी आम्ही दोघं दमणगंगेच्या काठी जाऊ लागलो. तिथे तिला मी बढती दिली. ती साहेब, मी शिपाई. साहेब हुकूम सोडायचे, चपटे दगड आणा, शिंपले आणा, त्या खडकापर्यंत पळत जाऊन या. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि परत येताना मलाच धाप लागलेली असायची. साहेबांना नाही.

हा रोग औषधाने निघून जात नाही आणि कारण सापडलं म्हणून कायमचाही जात नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं. सर्दी झाली की नळ्या पुन्हा सुजणार. म्हणून त्यांनी सुमनला आणि मला समोर बसवून शिकवणी घेतली. पोरीला आडवं करू नका, बसवून ठेवा. गर्दी करू नका. कोमट पाणी थोडं थोडं पाजा. एफेड्रिनची अर्धी गोळी, म्हणजे आकसलेल्या नळ्या सैल करणारं त्या वेळचं औषध, त्यांनी वयाचा हिशेब करून लिहून दिली होती. आता त्याहून पुष्कळ चांगली औषधं आहेत, तुम्ही तुमच्या डॉक्टरांचं ऐका. "आणि बरगड्यांच्या मधली कातडी आत खेचली जाते, ओठ निळे दिसते, बोलताना वाक्य पुरा होत नाय, तर काय विचार नाय करायचा. लगेच दवाखाना," ते म्हणाले. मी लिहून घ्यायला कागद काढला. त्यांनी तो खिशात परत ठेवायला लावला आणि आमच्याकडून सगळं तोंडी म्हणून घेतलं.

भाऊबीज झाली आणि चौथ्या दिवशी आई आली. वापीच्या बसमधून उतरली तेव्हा तिच्याबरोबर एक वळकटी, नारळांची गोणी आणि मंदासाठी शिवलेले चार फ्रॉक होते. चारही गावात घालायचे, जाड कापडाचे. न्यायची तयारी पक्की होती. मी पत्राने सगळं कळवलं होतं. "कागदाने का कोणाला दमा होतो," एवढंच ती म्हणाली.

तीन दिवस मंदाने आजीला सगळं सिल्वासा दाखवलं. आईचा चेहरा मऊ होत होता. चौथ्या दिवशी मंदाला सर्दी झाली. पाचव्या दिवशी सकाळी ती खोकत उठली, आणि नऊच्या सुमाराला छातीतली पेटी स्पष्ट ऐकू आली.

आई देवघराशी जप करत होती. जप थांबला. मी मनात म्हटलं, संपलं, गेली आता पोर.

पण सुमन उठली. तिने मंदाच्या पाठीशी उशा लावून तिला बसवलं आणि खिडकी उघडली. बरगड्या बघितल्या, ओठ बघितले. मी पाणी कोमट केलं, अर्धी गोळी दिली. "शंभरपर्यंत आकडे म्हण बघू," सुमन म्हणाली, म्हणजे श्वास पुरतो का ते कळतं. मंदाने एकोणतीसनंतर वीस म्हटलं आणि आम्ही दोघंही हसलो. कोणी धावलं नाही, कोणी धुरी पेटवली नाही, मी कोणता कागद काढला नाही. साडेअकराला पेटी मंद झाली. दीड वाजता मंदाने वरणभात मागितला. तीन वाजता ती अंगणात होती.

चहाच्या वेळी आईने मला जवळ बसवलं.

"पोरं आजारी पडायचीच रे," ती म्हणाली. "मी काही तिचा खोकला न्यायला आले नव्हते. तू घाबरलास म्हणून आल्ये. तुझी पत्रं वाचून मलाच धाप लागायची. घाबरलेल्या घरात पोर ठेवू नये. आज बघितलं मी, तुम्ही दोघं घाबरला नाहीत. राहू दे तिला इथेच."

सुमन दारात उभी होती. ती पुढे आली आणि आईच्या पाया पडली. आईने तिला उठवून विचारलं, "ते चार फ्रॉक तिला होतील ना पुढल्या वर्षीही? मी जरा मोठेच शिवलेत." एवढं बोलून तीही डोळे पुसू लागली.

आठवड्याने आम्ही तिला वापीच्या बसवर पोहोचवायला गेलो. आई खिडकीशी बसली, एकटी. आजी आपल्याला सोडून चाललीय हे मंदाला बस सुरू झाल्यावर कळलं आणि तिने भोकाड पसरलं. रडणं म्हणजे आमच्या घरातली सर्वांत धोक्याची गोष्ट होती. दोन वर्षं तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं की आम्ही हातातलं टाकून धावायचो, हवं ते द्यायचो, नको ते कबूल करायचो, कारण रडता रडता तिचा श्वास अडायचा. या पोरीला पोटभर रडायला कधी मिळालंच नव्हतं.

मी सवयीने तिला उचलायला वाकलो. सुमनने माझा हात धरला. "रडू द्या," ती म्हणाली.

मंदा रस्त्यात उभी राहून तोंड आभाळाकडे करून रडली. मोठ्याने, ताणून, मधेच दम घेऊन पुन्हा पहिल्यापासून. येणारे जाणारे थांबून आमच्याकडे बघत होते, काय हे आईबाप, पोर एवढी रडतेय आणि हे हसतायत. आम्ही तिच्या श्वासाकडे कान लावून उभे होतो. तो येत होता आणि जात होता, स्वच्छ, कुठेही न अडकता. तिचं रडून पुरं होईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.